दिवसाची चांदणी

ताईला किती दिसतं हे आमच्या घरात काजावर मोजतात.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यासाठी यंत्र आहे. ताई त्यात हनुवटी टेकवते, आतला दिवा लुकलुकला की बटण दाबते आणि शेवटी एक कागद बाहेर येतो. त्यावर बहुतेक सगळं काळं असतं आणि मधोमध थोडी पांढरी जागा. तो कागद मला कधी कळला नाही. मग एकदा ताईच म्हणाली, हात लांब कर, ओव्हरकोटाचं काज डोळ्यासमोर धर आणि एक डोळा मिटून त्यातून बघ, मला तेवढं दिसतं. ते मात्र लगेच कळलं, कारण गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काजंच करते आहे. तेव्हा ओव्हरकोटाचं होतं. दोन वर्षांनी कोटाचं झालं. या हिवाळ्याच्या तोंडाला शर्टाचं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत टिकेल असं धरून चालू नका. बाहेर आल्यावर ताई म्हणाली की शर्टाच्या खाली आमच्या धंद्यात काज नाही, आणि स्वतःच हसली. मला काही हसू आलं नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. त्याच कारखान्यात ती कापणीच्या टेबलावर असते. अधिकाऱ्यांच्या खांद्यावर जे पाच कोपऱ्यांचे स्टार लावतात, ते बनातीच्या जाड लोकरी कापडातून कापायचे आणि जरीचं भरतकाम करणाऱ्या बायकांकडे पाठवायचे, हे तिचं काम. तिला सगळे बढतीबाई म्हणतात, कारण तिने कापल्याशिवाय कुणाची बढती खांद्यावर चढत नाही. आमचे इस्त्रीकाका, जे वाफेच्या इस्त्र्या आणि त्यांचा बॉयलर सांभाळतात, ते दर महिन्याला तिच्याकडे एक स्टार मागतात. म्हणतात, लावून घरी जातो, बघू कुणी ऐकतंय का. ताई म्हणते, तुमच्या घरच्यांसाठी तीन लावावे लागतील, तेवढी बनात नाही.

दिवसा, चांगल्या उजेडात, ती त्या काजाएवढ्या जागेतून अजून सफाईने कापते. रात्र मात्र तिला कधी नव्हतीच. म्हणजे रात्र व्हायची, पण तिच्यात काही नसायचं. जन्मापासूनचा रातांधळेपणा, पण हे आम्हाला ती चौदा वर्षांची झाल्यावर कळलं. तोवर सगळे तिला धांदरट म्हणायचे.

ती दहा वर्षांची आणि मी सहाची असताना एका सुट्टीत आम्ही सगळी भावंडं मामाच्या गच्चीवर सतरंजीवर आडवी पडलो होतो. जो तो वर बोट करून ती चांदणी बघ, ती बघ करत होता. ताईही म्हणाली, हो, दिसली. मी विचारलं, कुठे, दाखव. तिने हात वर केला आणि बोट केलं ते पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे. सगळे लोळून हसले. सगळ्यात जास्त मी हसले. त्यानंतर अंधार पडल्यावर ताईने मान वर केलेली मी कधी पाहिली नव्हती.

तिने पहिला स्टार कापला त्या दिवशी आम्ही दोघी घरी निघालो होतो. रस्त्यात तिने विचारलं, खऱ्या चांदणीला असे कोपरे असतात का गं? पायाचे तुकडे पडले होते आणि समोर बस सुटायच्या बेतात होती. असतात की, म्हटलं मी आणि तिला ओढत पळाले.

*

काक्षी फुटली ती जानेवारीच्या शेवटी. मृग नक्षत्राच्या चौकटीच्या एका कोपऱ्यातली तांबूस चांदणी. एवढी मोठी की सूर्याच्या जागी ठेवली असती तर आपण तिच्या पोटात गेलो असतो, असं रेडिओवर सांगत होते. जमिनीखाली खोल पुरलेल्या यंत्रांना काही तास आधीच सुगावा लागला होता, त्यामुळे उजेड पोहोचला तेव्हा बातम्यावाले कपडेबिपडे करून तयार होते. ती खरं म्हणजे सहा-सातशे वर्षांपूर्वीच संपली, फक्त बातमी आता पोहोचली, आणि आपल्याला कसलाही धोका नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की लोक घाबरायला लागले. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातले काळे चष्मे दुपारपर्यंत संपले.

मग घाबरणं सरलं आणि रस्त्यावर एक वेगळीच शांतता आली. अर्ध्या चंद्राएवढा उजेड, पण सगळा एका टोकात गोळा झालेला. त्यामुळे सावल्या चंद्राच्या सावल्यांसारख्या मऊ नव्हत्या. कात्रीने कापल्यासारख्या होत्या. दोरीवर वाळणाऱ्या शर्टाची सावली भिंतीवर पडली तर तिच्यात काजं मोजता यायची. लोक दारं उघडून उंबऱ्यात उभे राहायचे, हळू बोलायचे. इस्त्रीकाका म्हणाले, सहाशे वर्षं उशिरा मयताला आल्यासारखं वाटतंय, काय बोलावं सुचत नाही.

ताई मात्र दिवसभर रेडिओ ऐकायची, कापायची आणि दिवस मावळायच्या आत माझा दंड धरून घरी यायची. अंधार पडला की खिडकीकडे पाठ करून झोपायची. मीही विषय काढला नाही. तिला रात्री बाहेर काढणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं.

चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. साडेचार वाजले असतील, ऊन अजून भिंतीवर होतं. सहज वर बघितलं तर निळ्या आकाशात ती होती. उलट्या बाजूने सुई टोचली की कापडातून टोक वर येतं ना, तशी. हात तसेच ओले ठेवून मी बघत राहिले. आणि मग माझ्या डोक्यात आलं की आत्ता दिवस आहे, आणि दिवसा ताईला दिसतं.

मी आत गेले. ताई कापत होती.

"दिवसासुद्धा दिसते आहे," मी म्हटलं. "आत्ता. ऊन आहे अजून बाहेर."

"मग?"

"मग चल ना."

तिने कात्री खाली ठेवली. कापताना मध्येच ती कात्री कधी ठेवत नाही.

"ठमे, तू मला दाखवायला नेऊ नकोस. तुझं दाखवणं मला माहीत आहे."

गच्चीवरच्या त्या रात्रीला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. मला वाटायचं ती विसरली असेल. तिला वाटत असेल की मी विसरले. मी माझ्या मशीनवर परत गेले आणि त्या दिवशी चार काजं वाकडी झाली.

दोन दिवस या विषयावर आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी डबा खाताना तिनेच विचारलं, "दिवसा म्हणजे किती दिवसा?"

सुईत दोरा ओवता येईल एवढ्या दिवसा, मी म्हटलं. तिने डब्याचं झाकण लावलं, पुसलं, परत पुसलं. बघू मग, म्हणाली.

*

त्या संध्याकाळी मी केलं ते सगळं चुकलं. अंगणाच्या मधोमध तिला उभी केली आणि सांगायला लागले, वर बघ. थोडं डावीकडे. अजून. आता खाली. एवढं नाही. दिसणाऱ्या माणसाला सांगावं तसं. पण शर्टाच्या काजातून बघणाऱ्याला डावीकडे म्हणजे काय? तिच्या त्या भोकात निळा रंग होता, मग दुसरा निळा रंग, मग तिसरा. काम सुटलं होतं, तेव्हा बाकीच्या बायका आल्या, मालक आले, आणि जो तो सांगायला लागला. बढतीबाई, माझ्या बोटाकडे बघा. बढतीबाई, त्या ढगाच्या शेजारी. कुणीतरी तिची हनुवटी धरून वळवली. ती सगळ्यांचं ऐकत होती. दहा मिनिटं मान वर करून ती त्या निळ्यात धुंडाळत होती.

मग ती म्हणाली, "हो. दिसली. चला आता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी डोळे पुसले. मी तिच्या बाजूला उभी होते आणि तिचे डोळे कुठे लागलेत ते मला दिसत होतं. ते बॉयलरच्या पत्र्याकडे लागले होते.

या वेळी मी हसले नाही. पण बोललेही नाही. घरी जाताना तिने माझा दंड नेहमीपेक्षा घट्ट धरला होता आणि सगळा रस्ता ती कारखान्यातल्या नव्या मागणीबद्दल बोलत होती.

कसं करायला हवं होतं ते मला तिच्याच टेबलाशी उभी असताना कळलं. एक नवीन मुलगी कामाला लागली होती आणि ताई तिला शिकवत होती. मुलगी बनातीच्या मोठ्या तुकड्यावर खुणेची जागा शोधत होती. ताई तिला म्हणाली, मधे शोधत बसू नको, मधे काही सापडत नाही. काठ धर. काठावर नजर ठेव आणि सरकत जा, तो तुला जिथे न्यायचं तिथे नेतो. हे वाक्य मी तिच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. काज करणाऱ्याला काठाशी काय देणंघेणं, म्हणून कधी लक्ष दिलं नव्हतं.

आमच्या अंगणाच्या पूर्वेला जुनं धुराडं आहे. चौकोनी, विटांचं, तीन मजले उंच. त्याची डावी कड आकाशावर अगदी सरळ उठून दिसते. चांदणी पूर्वेकडून वर चढते. म्हणजे एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक वेळेला उभं राहिलं तर ती बरोबर त्या कडेच्या टोकाला येऊन बसणार. मी खुणेचा खडू घेतला आणि रोज काम सुटल्यावर अंगणात मागे-पुढे चालायला लागले. जागा सापडली तिथे फुली मारली आणि घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याच फुलीवर ती चार मिनिटं आधी आली. मी घाबरले, पण इस्त्रीकाकांनी पेपर वाचून सांगितलं की सगळेच तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, तुमचं घड्याळ ठीक आहे.

मग मी एक चिंधी घेतली, तिच्यात शर्टाचं काज केलं, ती डोळ्यासमोर धरली आणि जमिनीपासून विटांची कड धरून वर जायला लागले. पहिल्यांदा अर्ध्यावर कड सुटली आणि एवढ्याशा भोकात नुसतं निळं निळं राहिलं. कुठे आहे तेच कळेना. मी चिंधी बाजूला केली आणि सगळं अंगण परत आलं, नळ, पत्रा, सायकली. ताईकडे बाजूला करायला चिंधी नव्हती.

तयारी झाली आणि ढग आले. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत ताईने दोनदा टेबलाच्या कोपऱ्यावर कंबर आपटली आणि एकदा माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघत होती. विचारलं तर म्हणाली, काज आखडतंय. रेडिओवर सांगत होते की चांदणी अजून दोन महिने अशीच राहील, मग हळूहळू उतरेल. घाई चांदणीला नव्हती.

दहाव्या दिवशी दुपारी आकाश धुतल्यासारखं झालं. मी ताईच्या टेबलाशी गेले.

"त्या दिवशी तुला दिसली नव्हती," मी म्हटलं.

तिची कात्री चालू राहिली.

"मी तुझ्या डोळ्यांकडे बघत होते, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"मागच्या वेळी बोलले होते."

मग मी सांगितलं की या वेळी मी दाखवणार नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. कुणी येणार नाही. उभं कुठे राहायचं तेवढं मी सांगेन. तिथून धुराड्याचा काठ धरून तुझं तू वर जायचं. ताईने कापलेला स्टार झटकून ढिगात ठेवला. किती वाजता, म्हणाली.

*

मधल्या दिवसांत चांदणी त्या वेळेला आणखी वर चढलेली असायची, म्हणून मी फुली धुराड्याच्या दिशेने चार पावलं पुढे सरकवली होती. पाच वाजता सगळे गेले. वाफ आड येऊ नये म्हणून इस्त्रीकाकांनी बॉयलर बंद केला, कारखान्याची किल्ली माझ्या हातात दिली आणि काही न विचारता निघून गेले.

ताई फुलीवर उभी राहिली. मी तिच्या मागे, हात तिला न लावता. पाच वीस झाले होते.

"वीट सापडली," ती म्हणाली. "खालची."

"हं."

"काठ धरला." मग थोड्या वेळाने, "लोखंडी पट्टी आहे एक." मग, "इथे पोपडा उडालाय." तिची मान इतकी हळू वर जात होती की जात आहे हे तिच्या अंबाड्यावरूनच कळत होतं. एकदा ती थांबली, परत पट्टीपर्यंत खाली आली आणि पुन्हा निघाली.

"विटा संपल्या," ती म्हणाली.

पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. मी विचारलं नाही. दिसली का, हा प्रश्न मी या जन्मात तिला विचारणार नव्हते.

"ठमे."

"हं."

"हिला कोपरे आहेत गं."

मी वर बघितलं. धुराड्याच्या टोकाला पांढरा ठिपका होता, स्वच्छ आणि गोल.

"पण पाच नाहीत," ताई म्हणाली. ती मोजत होती, ओठ हलत होते. "नऊ आहेत. एक लांब, एक आखूड. खालचा तर पार विटांपर्यंत आलाय. एकसुद्धा सारखा नाही. असा मी कापला असता तर मालकांनी तोंडावर फेकला असता." आणि मग, नजर न हलवता, "तुला किती दिसतात?"

नऊ म्हणणं फार सोपं होतं. तिने मान वळवून माझं तोंड बघितलं नसतं.

"एकही नाही," मी म्हटलं. "मला ठिपका दिसतो. सगळ्यांना ठिपकाच दिसतो, ताई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, तुझ्या बुबुळामागे थोडा मोतीबिंदू धरलाय, दिव्यांना टोकं फुटतील. ते तसलं आहे."

"म्हणजे कोपरे चांदणीचे नाहीत."

"नाहीत."

"माझे आहेत."

"तुझे आहेत."

मला वाटलं, झालं, घालवलं मी सगळं. दुसऱ्यांदा.

"आणि मग तेव्हा असतात म्हणालीस ते?"

"बस सुटत होती," मी म्हटलं.

ताईच्या खांद्यांना हलकासा झटका बसला. ती हसत होती, पण मान जराही हलू न देता. "नुसता ठिपका," ती म्हणाली. "एवढ्यासाठी तुम्ही सगळे सतरंजीवर पडून माना दुखवत होता? अरेरे." त्या अरेरेत टोमणा नव्हता. तिला खरंच आमची कीव आली होती.

चांदणी चढत होती. टोकापासून ती सुटायला लागली की ताई म्हणायची, सुटतेय, आणि मी तिच्या कमरेला हात लावून तिला एक पाऊल पुढे न्यायची, की चांदणी परत विटांवर येऊन टेकायची. असं आम्ही दोघी अंगणातून पुढे सरकत राहिलो, पाऊल, मग थांबणं, मग पाऊल. भिंतीवरचं ऊन गेलं. आपल्याला संध्याकाळ वाटते तेव्हा ताईची रात्र झालेली असते. मला अजून विटांचे सांधे दिसत होते, नळाखालची बादली दिसत होती.

"पट्टी गेली," ताई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "धुराडं गेलं. तू आहेस का?"

"आहे."

"ती आहे अजून."

एवढंच म्हणाली. तिच्या त्या काजात आता वीट नव्हती, काठ नव्हता, निळंही नव्हतं. सगळं काळं झालं होतं आणि त्यात पहिल्यांदाच काहीतरी होतं. मला ते कळलं आणि मी पुढे काही विचार करू शकले नाही.

आता तिला पाऊल टाकायची गरज नव्हती. ती नुसत्या नजरेने चांदणीबरोबर वर जात होती. पण काठ उरला नव्हता. एकदा नजर खाली आली की परत वर जायला वाट नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही. उद्या ढग येतील. उद्या काज शर्टाचंही राहणार नाही कदाचित. थंडी पडायला लागली होती. तिची मान थरथरत होती, आणि मी तिच्या मानेमागे माझा तळवा ठेवला, भार घ्यायला. पुरे म्हणावं असं दोन-तीनदा तोंडापर्यंत आलं.

"तू सांगू नकोस," ताई म्हणाली. "माझं मी ठरवीन."

आमच्या पायांशी सावल्या पडल्या होत्या, दोन, धारदार, एकमेकींत अडकलेल्या. ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते न मिटल्यामुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. तिने एकदा डोळे मिटले, जागेवरूनच, मान तशीच ठेवून, आणि परत उघडले. चांदणी तिथेच असावी, कारण ताईने श्वास सोडला.

किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही. मग तिने आपणहून मान खाली केली आणि माझा दंड शोधायला हात पुढे केला. मी हलले नाही. दंड तिचा तिला सापडला.